देव, देश आणि वेदीवरचा ध्वज

देवावरील श्रद्धा आणि देशावरील प्रेम या दोन निष्ठा माणसाच्या मनात एकाच वेळी वास करतात, आणि बहुतेक दिवस त्या गुण्यागोविंदाने नांदतात. ज्या भूमीत आपण जन्मलो तिचे ऋण मानावे असे बहुतेक धर्म सांगतात, आणि संकटाच्या वेळी देवाला हाक मारू नये असे कोणताही देश सांगत नाही. प्रश्न उपस्थित होतो तो या दोघींपैकी एकीने दुसरीच्या आसनावर बसावयाचे ठरविले म्हणजे. असे झाले असता उपासनामंदिरात काय घडते, कोणाचा बळी जातो आणि प्रतिकार करणारे नेमका कशाचा प्रतिकार करतात, हे पाहण्यासाठी आम्ही जर्मनीतील प्रॉटेस्टंट चर्चचा १९३३ ते १९४५ हा काळ निवडला आहे. कॅथलिक चर्चची कथा निराळी आहे. तिला येथे हात घालण्याचा विचार नाही.

प्रथम दोन प्रवचनांची हकिगत सांगतो. ४ ऑगस्ट १९१४ रोजी, पहिले महायुद्ध पेटत असताना, बर्लिनच्या कॅथीड्रलमध्ये राजदरबाराचे धर्मोपदेशक एर्न्स्ट फोन ड्रायांडर यांनी कैसरसमोर प्रवचन केले. प्रवचनासाठी त्यांनी पौलाने रोमकरांस लिहिलेल्या पत्राच्या आठव्या अध्यायातील एकतिसावे वचन घेतले होते. देव ज्यांच्या पक्षाला आहे त्यांच्या विरोधात कोण उभा राहू शकेल, असा त्याचा आशय. पुढे २१ मार्च १९३३ रोजी पॉट्सडाम येथे नव्या राइशस्टागच्या उद्घाटनाचा सोहळा झाला. त्या दिवशी सकाळी तेथील निकोलाय चर्चमध्ये राष्ट्राध्यक्ष हिंडेनबुर्ग यांच्या उपस्थितीत ओटो डिबेलियस या धर्माधिकाऱ्याने प्रवचन केले. त्यानेही तेच वचन घेतले आणि १९१४ च्या त्या दिवसाचे स्मरण करून दिले. राज्यात सुव्यवस्था लागल्यावर न्याय आणि प्रेम यांना पुन्हा स्थान मिळाले पाहिजे, असा इशाराही त्याने दिला, हे येथे प्रामाणिकपणे नोंदविले पाहिजे. हिटलर या उपासनेला नव्हता. तो नंतरच्या गॅरिसन चर्चमधील समारंभाला आला. इशारा कोणाच्या स्मरणात राहिला नाही. चर्च आणि राष्ट्र पुन्हा एक झाले, एवढेच काय ते लोकांनी घरी नेले.

हे एकाएकी झाले असे मात्र नव्हे. ल्यूथरच्या काळापासून जर्मनीत राजा हाच आपल्या मुलखातील चर्चचा प्रमुख असे. सिंहासन आणि वेदी यांची ही जोडी तीन-चार शतके टिकली. सैनिकाच्या पट्ट्याच्या बकलावर देव आमच्या बरोबर आहे असे कोरलेले असे, आणि त्यात कोणाला वावगे वाटत नसे. १९१८ साली पराभव झाला, राजे गेले, आणि १९१९ च्या वायमार राज्यघटनेने राज्याचे अधिकृत चर्च असणार नाही असे ठरविले. व्हर्सायच्या तहाने युद्धाचा दोष जर्मनीच्या माथी मारला. सामान्य पाळकाच्या दृष्टीने राजा, मान आणि आधार अशा तिन्ही गोष्टी एकदमच हरपल्या. १९३३ मध्ये साडेसहा कोटींच्या जर्मनीत चार कोटींहून अधिक लोक प्रॉटेस्टंट होते आणि त्यांची अठ्ठावीस प्रांतिक चर्चे होती. या चर्चांतून प्रजासत्ताकाविषयी आपलेपणा फारसा नव्हता. गेलेले वैभव परत आणून देणारा कोणी भेटला तर त्याच्यासाठी दार उघडावयास पुष्कळजण उत्सुक होते.

दार ठोठावणारे घरातलेच होते. १९३२ साली ‘जर्मन ख्रिस्ती’ या नावाची एक चळवळ चर्चच्या अंगणातच उभी राहिली. तिचे म्हणणे थोडक्यात असे की, देव जसा शास्त्रातून बोलतो तसाच तो राष्ट्राच्या इतिहासातून, रक्तातून आणि नेत्यातूनही बोलतो. १९३३ चे परिवर्तन हे देवाचेच कार्य आहे, आणि चर्चने त्याला मान तुकविली पाहिजे. २३ जुलै १९३३ रोजी चर्चच्या निवडणुका झाल्या. आदल्या दिवशी हिटलरने स्वतः रेडिओवरून या पक्षाची भलामण केली, आणि सुमारे दोन तृतीयांश मते त्याच्या पदरात पडली. सप्टेंबरात प्रशियाच्या धर्मसभेला कित्येक प्रतिनिधी तपकिरी गणवेश चढवूनच आले. इतिहासात ती ‘तपकिरी धर्मसभा’ म्हणूनच ओळखली जाते. विरोधकांचा आवाज आरडाओरडीत बुडाला आणि ते सभागृह सोडून गेले. त्याच महिन्यात विटेनबर्ग येथे, ल्यूथरच्या गावी, लुडविग म्युलर हा एक लष्करी धर्मोपदेशक साऱ्या राष्ट्राचा बिशप म्हणून निवडला गेला. अनेक चर्चांत वेदीजवळ पक्षाचा स्वस्तिकांकित ध्वज उभा राहिला. आपल्याकडे म्हण आहे, भटाला दिली ओसरी, भट हातपाय पसरी. तशातलाच हा प्रकार झाला.

या तपकिरी धर्मसभेने एक ठराव केला, आणि आमच्या मते साऱ्या प्रकरणाचे मर्म त्या ठरावात आहे. त्या वर्षीच्या ७ एप्रिलच्या कायद्याने ज्यू वंशाच्या लोकांना सरकारी नोकरीतून काढण्यात आले होते. ते ‘आर्य कलम’ चर्चलाही लागू करावे, म्हणजे ज्यू वंशाच्या, किंवा ज्यू वंशाची पत्नी असलेल्या माणसाला पाळक होता येऊ नये, असा तो ठराव. जर्मनीत सुमारे अठरा हजार प्रॉटेस्टंट पाळक होते. त्यांत असे लोक अगदी मूठभर. परंतु प्रश्न संख्येचा नव्हताच. ख्रिस्ती श्रद्धेप्रमाणे बाप्तिस्मा झालेला मनुष्य मंडळीचा पूर्ण सभासद होतो. तेथे त्याच्या आजोबांची चौकशी कोणी करीत नाही. आता चर्चच ती चौकशी करू लागले. राष्ट्राला देवाशेजारी बसविण्याची किंमत देवाने चुकविली नाही. ती शेजारच्या बाकावरील माणसाला चुकवावी लागली.

प्रतिकाराला सुरुवात झाली ती याच मुद्द्यावर. बर्लिनमधील डालेमचे पाळक मार्टिन नीमोलर यांनी सप्टेंबर १९३३ मध्ये पाळकांचा एक आपत्कालीन संघ काढला, आणि चार महिन्यांत त्याचे सुमारे सात हजार सभासद झाले. नीमोलर हे कोणी देशद्वेष्टे नव्हते. पहिल्या महायुद्धात ते पाणबुडीचे कप्तान होते आणि १९३३ साली त्यांनी नाझी पक्षालाच मत दिले होते. संघ स्थापून महिना होतो न होतो तोच जर्मनी राष्ट्रसंघातून बाहेर पडला, तेव्हा त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी हिटलरला आभाराची तार केली! इतकेच नव्हे, तर ज्यू वंशाच्या पाळकांनी आपण होऊन मोठ्या पदांपासून दूर राहावे, असेही त्यांनी त्याच वर्षी सुचविले. एका हाताने कलमाला विरोध आणि दुसऱ्या हाताने त्याच कलमाच्या भावनेला मुजरा, अशी ही ओढाताण होती. तिला ढोंग म्हणणे सोपे आहे. पण तसे म्हटल्याने प्रश्न सुटत नाही. माणसे राष्ट्रावर मनापासून प्रेम करीत होती, आणि त्या प्रेमात नेमके कोठे थांबावयाचे हे त्यांना कोणी शिकविले नव्हते.

१३ नोव्हेंबर १९३३ रोजी बर्लिनच्या स्पोर्टपालास्ट या क्रीडागृहात वीस हजारांच्या सभेत राइनहोल्ड क्राउजे नावाच्या वक्त्याने मागणी केली की, ज्यूंचा म्हणून जुना करार बायबलातून काढून टाकावा आणि नव्या करारातील पौलाच्या शिकवणुकीलाही कात्री लावावी, कारण पौल हाही ज्यू धर्मगुरूच! टाळ्यांचा कडकडाट झाला. परंतु दुसऱ्या दिवशी खेड्यापाड्यांतील साध्या भाविकांनाही कळून चुकले की, ध्वज वेदीजवळ उभा राहून तृप्त होणार नाही. त्याला वेदीवरचा ग्रंथही हवा आहे. त्यानंतर ‘जर्मन ख्रिस्ती’ पक्षाला ओहोटी लागली.

पुढच्या वर्षी, २९ ते ३१ मे १९३४ या तीन दिवसांत, बार्मेन येथे अठरा प्रांतिक चर्चांतून आलेले सुमारे १४० प्रतिनिधी जमले. ल्यूथरपंथी, कॅल्व्हिनपंथी आणि संयुक्त मंडळ्यांचे लोक एका सभागृहात बसले, हेच मुळात नवल होते. त्यांनी सहा कलमांची एक घोषणा संमत केली. तिचा मसुदा मुख्यतः कार्ल बार्थ या स्विस धर्मचिंतकाचा. १९१४ साली आपल्याच गुरुजनांनी कैसरच्या युद्धाला पाठिंबा देणाऱ्या पत्रकावर सह्या केलेल्या पाहून त्यांचा जुन्या धर्मविद्येवरचा विश्वास उडाला होता. घोषणेचे सार असे: ख्रिस्तातून प्रकट झालेल्या वचनाखेरीज दुसरी कोणतीही घटना, सत्ता वा व्यक्ती यांना चर्च देवाची वाणी म्हणून मानणार नाही, राज्यसंस्थेचे काम न्याय आणि शांतता राखणे हे आहे, माणसाच्या साऱ्या जीवनाचा ताबा घेणे हे नव्हे. यातून ‘कन्फेसिंग चर्च’, म्हणजे आपली श्रद्धा उघडपणे बोलून दाखविणारे चर्च, उभे राहिले. बार्थ तेव्हा बॉन विद्यापीठात प्राध्यापक होते. हिटलरच्या निष्ठेची बिनशर्त शपथ घेण्यास त्यांनी नकार दिला, म्हणून १९३५ साली त्यांची जागा गेली आणि ते मायदेशी बासेलला परतले.

श्रोतेहो, येथवरची कथा ऐकून कोणासही वाटेल की चर्चने आपले कर्तव्य केले. पण बार्मेनची ती घोषणा पुन्हा वाचून पाहावी. त्यात ज्यूंचे नाव कोठेही नाही. चर्चच्या वेदीवर राष्ट्राने बसू नये हे ठणकावून सांगितले गेले; वेदीच्या बाहेर, रस्त्यावर, राष्ट्राने ज्याला लाथाडले त्याच्याविषयी अक्षर नाही. बार्थ यांनी पुढे १९६७ साली एका पत्रात हा आपला दोष असल्याचे मान्य केले. आपले घर राखण्याच्या खटाटोपात शेजाऱ्याचे घर जळत असल्याचे राहून गेले.

ते कोणालाच दिसले नाही असे नव्हे. डीट्रिख बॉनहोफर या सत्तावीस वर्षांच्या धर्मपंडिताने एप्रिल १९३३ मध्येच लिहून ठेवले होते की, चर्चने राज्याला त्याच्या कृत्यांचा जाब विचारावा, राज्याच्या चाकाखाली सापडलेल्यांची, मग ते ख्रिस्ती असोत वा नसोत, सेवा करावी, आणि वेळ आल्यास ते चाकच अडवावे. हाच बॉनहोफर १९३४ साली हिंदुस्थानात येऊन गांधीजींच्या आश्रमात राहण्याचा बेत करीत होता. त्याने गांधीजींना पत्र लिहिले आणि त्यांनी १ नोव्हेंबर १९३४ च्या उत्तरात त्याला येण्यास मोकळीक दिली. सत्तेपुढे शस्त्रावाचून उभे कसे राहावे हे त्याला शिकावयाचे होते. कन्फेसिंग चर्चच्या विद्यार्थ्यांना शिकविण्याचे काम गळ्यात पडले आणि तो बेत तसाच राहिला.

१९३६ साली कन्फेसिंग चर्चच्या एका गटाने हिटलरला एक खलिता पाठविला. ज्यूंचा द्वेष करण्याची सक्ती आणि छळछावण्या यांविषयी त्यात स्पष्ट तक्रार होती. तो खलिता परदेशी वृत्तपत्रांत फुटला. चर्चचे कायदेविषयक सल्लागार फ्रीडरिख वाइसलर यांना पकडण्यात आले. ते ज्यू वंशाचे, पण लहानपणीच बाप्तिस्मा झालेले. पूर्वी न्यायाधीश होते. ज्या चर्चसाठी त्यांनी काम केले त्याचे नेतृत्व त्यांच्यापासून अंग चोरून उभे राहिले. त्यांच्याबरोबर पकडलेले दोघे तरुण ‘आर्य’ होते, ते जगले. वाइसलर यांना छावणीत वेगळे काढण्यात आले आणि १९ फेब्रुवारी १९३७ रोजी झाक्सेनहाउझेन येथे मारहाणीने त्यांचा अंत झाला. कन्फेसिंग चर्चमधून छळछावणीत प्राण गमावलेला हा पहिला मनुष्य. आर्य कलमावरून सुरू झालेल्या लढ्यात पहिला प्राण ज्याच्यासाठी लढा होता त्याचाच जावा, आणि तोही जवळपास एकट्याने, यापेक्षा दारुण गोष्ट ती कोणती?

यानंतर पकड आवळत गेली. १ जुलै १९३७ रोजी नीमोलर यांना अटक झाली. न्यायालयाने दिलेली सात महिन्यांची शिक्षा भोगून झाली होती. तरी हिटलरचा खास कैदी म्हणून त्यांना छावणीत टाकण्यात आले, आणि १९४५ पर्यंत ते सुटले नाहीत. १९३९ साली युद्ध सुरू झाल्यावर याच नीमोलर यांनी छावणीतून आरमारात पुन्हा सेवा करण्याची तयारी कळविली! १९३८ च्या एप्रिलमध्ये साऱ्या पाळकांनी हिटलरच्या निष्ठेची शपथ घ्यावी असे चर्चच्या अधिकाऱ्यांनी फर्मान काढले, आणि बहुसंख्य पाळकांनी, कन्फेसिंग चर्चमधल्यांनीसुद्धा, ती घेतली. पुढे ऑगस्टात पक्षाकडूनच उघड झाले की, अशा शपथेची सरकारला काही मातब्बरी वाटत नाही. त्याच एप्रिलमध्ये बूखेनवाल्ड छावणीत, हिटलरच्या वाढदिवशी ध्वजाला वंदन म्हणून टोपी काढण्याचा हुकूम झाला असता पाउल श्नायडर या खेडवळ पाळकाने ती काढली नाही. त्याला कोठडीत डांबून हालहाल करण्यात आले. तेथूनही तो खिडकीतून बाहेरच्या कैद्यांना धीराचे शब्द ऐकवी. १८ जुलै १९३९ रोजी तो मारला गेला. एकीकडे कोणी न मागितलेली शपथ आणि दुसरीकडे एक न काढलेली टोपी!

सप्टेंबर १९३८ मध्ये युद्ध उंबरठ्याशी येऊन ठेपले, तेव्हा कन्फेसिंग चर्चच्या नेत्यांनी एका प्रार्थनेचा मसुदा तयार केला. त्यात विजयाची याचना नव्हती. स्वतःच्या आणि राष्ट्राच्या पापांची कबुली होती. एस.एस. दलाच्या वृत्तपत्राने तिला राजद्रोह म्हटले, आणि ज्येष्ठ बिशपांनी घाईघाईने हात झटकले. नोव्हेंबरात ज्यूंची प्रार्थनास्थळे जाळण्यात आली तेव्हा बहुतेक व्यासपीठे मुकी राहिली. वुर्टेम्बर्गमधील ओबरलेनिंगेन गावच्या यूलियस फोन यान या पाळकाने १६ नोव्हेंबरला त्या कृत्याचा प्रवचनात धिक्कार केला. जमावाने त्याला मारझोड केली आणि मग तुरुंगही वाट्याला आला. डिसेंबर १९४१ मध्ये सात प्रांतिक चर्चांनी जाहीर केले की, बाप्तिस्मा झालेल्या ज्यूंशी आपला आता काही संबंध नाही. आठ वर्षांपूर्वी पाळकाच्या पदापासून सुरू झालेली चौकशी अशी चर्चच्या दारापर्यंत येऊन थांबली.

आता महाराष्ट्रातील श्रोत्याच्या मनात एक शंका उद्भवेल, आणि ती रास्त आहे. आपल्याकडे ख्रिस्ती मंडळीत राष्ट्रप्रेम शिरले ते चांगलेच झाले ना? होय, झाले. रेव्हरंड नारायण वामन टिळकांची ओळख ‘स्मृतिचित्रे’ वाचलेल्या वाचकाला करून द्यावयास नको. १८९५ साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला. पण धर्म बदलला म्हणून देश बदलत नाही, हे त्यांनी जन्मभर सांगितले. अभंगाच्या चालीवर भजने रचली, ख्रिस्ती कीर्तन रुजविले, देशावर कविता केल्या, आणि १९१७ साली मिशनची चाकरी सोडून संन्यस्त वृत्तीने ‘देवाचा दरबार’ स्थापन केला. मग बर्लिनमध्ये जे विष ठरले ते येथे अमृत कसे? फरक आम्हांस असा दिसतो. टिळकांच्या देशप्रेमाने राज्यकर्त्यांच्या चर्चला प्रश्न विचारला आणि मराठी माणसासाठी दार उघडले. ‘जर्मन ख्रिस्ती’ पक्षाच्या देशप्रेमाने राज्यकर्त्यांचा जयजयकार केला आणि आत बसलेल्याला दार दाखविले. चर्चमध्ये देशप्रेम असावे की नसावे हा प्रश्नच आम्हांस चुकीचा वाटतो. ते आल्यावर कोण आत येतो आणि कोण बाहेर जातो, एवढे पाहावे.

आणखी एक गोष्ट. ज्यांना राष्ट्राचे वैरी म्हटले गेले त्यांचेच राष्ट्रप्रेम अखेरीस अधिक खोल ठरले. बॉनहोफर जून १९३९ मध्ये न्यूयॉर्कला सुखरूप पोहोचला होता. महिनाभरात तो परत फिरला. या संकटात आपण देशबांधवांबरोबर राहिलो नाही तर नंतर देशाच्या उभारणीत भाग घेण्याचा आपल्याला अधिकार राहणार नाही, असे त्याने कळविले. एप्रिल १९४३ मध्ये त्याला अटक झाली आणि ९ एप्रिल १९४५ रोजी फ्लॉसेनबुर्ग छावणीत फाशी. तो देशावर प्रेम करीत होता, म्हणूनच देशाचा विजय त्याला मागता येत नव्हता.

ऑक्टोबर १९४५ मध्ये स्टुटगार्ट येथे जर्मन चर्चच्या अकरा पुढाऱ्यांनी एक निवेदन सही करून परदेशी चर्चांच्या प्रतिनिधींना दिले. आमच्यामुळे अनेक देशांवर अपार दुःख कोसळले, आणि आम्ही अधिक धैर्याने बोललो नाही, अशी त्यात कबुली होती. सह्या करणाऱ्यांत नीमोलर होते, आणि पॉट्सडामचे प्रवचन करणारे डिबेलियसही होते. मधल्या काळात पद गमावून ते कन्फेसिंग चर्चमध्ये आले होते. शहरे बेचिराख झालेली, लोक उपाशी. त्यांनी हे निवेदन वाचून संतापाने म्हटले, हा तर पुन्हा व्हर्सायच झाला, ही स्वजनांशी फितुरी आहे! त्या निवेदनातही ज्यूंचे नाव नव्हते. ज्यूंविषयीच्या अपराधाची कबुली जर्मन प्रॉटेस्टंट चर्चच्या धर्मसभेने दिली ती १९५० साली, बर्लिनच्या वाइसेनझे येथे. नाव घेण्यास इतकी वर्षे लागली.

शेवटी त्या दोन प्रवचनांतील वचनाकडे पाहावे. देव आपल्या पक्षाला आहे असे ज्याने लिहिले तो पौल, ज्याच्या शिकवणुकीला कात्री लावावी अशी स्पोर्टपालास्टमध्ये मागणी झाली तोच, ज्यू होता. त्याने ते पत्र लिहिले साम्राज्याच्या राजधानीतील एका लहानशा मंडळीला. तिच्याजवळ सैन्य नव्हते, राज्य नव्हते, वेदीजवळ उभा करावयाला ध्वजही नव्हता. तिच्यात ज्यू आणि ज्यूतर एकत्र बसत, आणि त्यांनी एकमेकांचा स्वीकार करावा अशी विनवणी त्याच पत्रात पुढे आहे. १९१४ साली आणि १९३३ साली प्रवचनकारांनी आठवा अध्याय उघडला होता. आणखी थोडी पाने उलटली असती तर ती विनवणीही त्यांच्या हाती लागली असती.